यूएसबी वजनकाटा आणि लेबल प्रिंटर इथरनेटवर आणण्यासाठी कोणता बोर्ड घ्यावा?

बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यातील वजनकाटा आणि लेबल प्रिंटर कार्यालयातील संगणकाला इथरनेटने जोडायचे असतील, तर बोर्डाआधी (म्हणजे मध्ये बसणाऱ्या छोट्या संगणकाआधी) उपकरणांची जात तपासावी. काटा लिनक्स संगणकाला लावल्यावर ‘टीटीवाययूएसबी०’ असे नाव दिसले, तर तो मुळात सिरियलच आहे, म्हणजे जुन्या सिरियल पोर्टसारखी माहिती एकामागोमाग एक पाठवतो. त्याला ही माहिती नेटवर्कवर देणारे ‘सेर२नेट’ हे सॉफ्टवेअर पुरते आणि कोणताही साधा लिनक्स बोर्ड चालतो. प्रिंटर ‘कप्स’ या लिनक्सवरील छपाईच्या सॉफ्टवेअरवर सोपवावा. ज्याचा ड्रायव्हर फक्त कार्यालयातील संगणकावरच चालतो, अशा उपकरणासाठीच यूएसबी/आयपी (यूएसबी उपकरण नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला जोडण्याची पद्धत) वापरावे. त्यात उपकरण एका वेळी एकाच संगणकाच्या ताब्यात जाते आणि टीसीपी पोर्ट ३२४० वरील माहिती कूटबद्ध न होता उघडीच वाहते, म्हणून ते वेगळ्या नेटवर्कवर ठेवणे बरे.

रास्पबेरी पाय ३ बी या लिनक्स बोर्डामध्ये इथरनेट आणि चारही यूएसबी पोर्ट एकाच यूएसबी २.० मार्गावर असतात. काट्याला त्याने काही बिघडत नाही, परंतु पुढे स्कॅनर किंवा कॅमेरा जोडायचा असल्यास २०१९ मध्ये आलेला पाय ४ घ्यावा, कारण त्याचे गिगाबिट इथरनेट स्वतंत्र आहे. मात्र त्याचे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात (तक्रारी बहुधा इथूनच सुरू होतात), त्यामुळे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब सोबतच घ्यावा.