पावसात चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करताना वेग कसा राखावा?

आपण जळगावात मेहरूण तलावाकाठी सराव करता आणि स्पर्धेच्या दिवशी पाऊस आल्यास चार तासांचे लक्ष्य सोडावे का, असे विचारता. माझ्या मते केवळ पावसासाठी ते सोडू नये; खानदेशच्या उन्हात तापलेल्या शरीराला रिमझिम पाऊस उलट थंडावाच देतो. खरा अडथळा समोरून येणाऱ्या वाऱ्याचा असतो. 2018 मध्ये बोस्टन मॅरेथॉनला मुसळधार पावसात आणि अशाच वाऱ्यात विजेत्या युकी कावाउची यांनाही 2 तास 15 मिनिटे 58 सेकंद, म्हणजे तिथल्या विजेत्याच्या मानाने बराच जास्त वेळ लागला होता.

42.195 किलोमीटर चार तासांत संपवण्यासाठी दर किलोमीटरला सुमारे 5 मिनिटे 41 सेकंदांचा वेग लागतो. पहिले पाच किलोमीटर 5:50 ने धावल्यास जेमतेम पाऊण मिनिट मागे पडते आणि ते उरलेल्या अंतरात किलोमीटरमागे सव्वा सेकंदाने भरून निघते, त्यामुळे गर्दीत डबकी चुकवत नागमोडी पळू नये. शेतालगतच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती आणि रंगवलेले पांढरे पट्टे मात्र जरूर टाळावेत, कारण तिथे पाय हमखास घसरतो. सुती बनियन भिजून जड होते आणि काचते, म्हणून ते घालू नये. पायांना व्हॅसलीन लावावे. पावसात तहान जाणवली नाही तरी घाम येतच असतो, तेव्हा पाणी थोडे थोडे घेत राहावे.