जुन्या सागवानी कपाटाच्या ड्रॉवरची मूठ आवळली तरी पुन्हा ढिली होते, काय करावे?

स्क्रू काढून त्याचे रुंदावलेले भोक फेव्हिकॉल लावलेल्या, गूल काढलेल्या आगकाड्यांनी ठासून भरावे, 24 तास वाळू द्यावे आणि मग मधोमध बारीक छिद्र पाडून तोच स्क्रू बसवावा. साताऱ्यात जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीत मला हेच वारंवार दिसते: पावसाळ्यात फुगलेला ड्रॉवर हिसडे देऊन ओढला, की स्क्रूच्या आट्यांनी धरलेले लाकडाचे तंतू तुटतात आणि भोकात नुसता भुसा उरतो, मग कितीही आवळले तरी स्क्रू जागच्या जागी फिरतो. जाड स्क्रू ठोकण्याचा मोह टाळावा, कारण त्याने जुनी फळी चिरते. मात्र मूठ आरपार बोल्टची असेल, तर भोक न भरता आतून वॉशर घालून नट आवळावा.