संध्याकाळी बीळ बुजतं, कोळंबी दिसत नाही

प्रश्न : आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी (नांगीने पिस्तुलासारखा आवाज काढणारी) एकाच बिळात राहतात. दिवा मालवला की दोघं आत जातात आणि सकाळी बिळाचं तोंड वाळूने बुजलेलं असतं. कधीकधी कोळंबी दोन-तीन दिवस दिसतच नाही. काही बिघडलंय का?

उत्तर : नाही. कोळंबी बीळ खोदते, गोबी पहारा देतो, आणि समुद्रातही ही जोडी फक्त दिवसपाळी करते. सकाळी आधी गोबी डोकं बाहेर काढतो, त्याच्या मागोमाग कोळंबी वाळूचे ढीग ढकलत येते. संध्याकाळी क्रम उलटतो : कोळंबीचं काम आधी थांबतं, गोबी शेवटी आत शिरतो. रात्री उपसायला कोणी नसल्याने तोंड ढासळतं. ते उकरून मोकळं करू नका.

कोळंबीची नजर अधू, म्हणून बाहेर असताना तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. त्याने शेपटी चटकन थरथरवली की ती मागे सरते. तो डोकं पुढे करून सूर मारत बिळात घुसला, तर धोका अगदी जवळ आलेला असतो. थोडक्यात, गोबी घाबरला की कोळंबीचा दिवस बुडाला! त्यामुळे कोळंबी खाणारे किंवा गोबीला हुसकावणारे मासे टाकीत नकोत.

दिव्याला टायमर लावा, रोज १० तास, वेळ तीच. एकदम काळोख करण्यापेक्षा शेवटचा अर्धा तास उजेड मंद ठेवा, म्हणजे दोघांना आवराआवर करायला सवड मिळते. वाळू ८ ते १० सेंमी हवी, आणि नुसती बारीक नको. प्रवाळाचे तुकडे मिसळले नाहीत तर बोगद्याचं छप्पर टिकत नाही. दगड वाळूवर नव्हे, थेट काचेच्या तळावर बसवा. वाळूवरचा दगड खालून पोखरला गेला की कोसळतो आणि आतली कोळंबी चिरडते. खाद्याचा बुडणारा तुकडा पिचकारीने बिळाच्या तोंडाशी सोडा. टाकीला जाळीचं झाकण हवंच, कारण घाबरलेला गोबी उडी मारतो.

कोळंबी गायब होते ती बहुधा कात टाकायला. नवं कवच कडक होईपर्यंत ती आतच बसते. बाहेर फेकलेली कात हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी दिसते, पण ती पोकळ आणि पारदर्शक असते. बिळासमोर रोज ताजी वाळू पडत असेल, तर कोळंबी जिवंत आहे असं समजा.