सोफ्यावर बसलं की बेस गायब, कोपऱ्यात मात्र घुमतो. मोठा सबवूफर घेऊ का? फेजचा नॉब कुठे ठेवायचा?

मोठा सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खालचे सूर, वाजवणारा स्पीकर; थोडक्यात 'सब') घेऊ नका. तोही त्याच जागी ठेवलात तर तेच होणार.

तुम्ही लिहिलंय की बसवायला आलेला माणूस म्हणाला, 'बेसला दिशा नसते, सब कुठेही चालतो.' हेच वाक्य मी माझ्या दादाच्या घरी ऐकलं आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला नीट कळत नाही, इतकंच त्यात खरं. खोलीला मात्र जागेचा फरक पडतो. ४० हर्ट्झची लाट साधारण ८.६ मीटर लांब. दादाचा हॉल ४.३ मीटर लांब, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत बरोबर अर्धी लाट बसते. भिंतींपाशी दाब सगळ्यात जास्त, मधोमध जवळपास काहीच नाही. आणि सोफा नेमका मधोमध! दादा रिमोटवरून सबची पातळी वाढवत राहिला. त्यानं वरचा बेस फुगला, संवाद झाकले गेले आणि ४० हर्ट्झ होता तिथेच राहिला. इक्वलायझरही इथे हात टेकतो. तो उंचवटा कापू शकतो, असा खड्डा भरू शकत नाही.

मी आधी सोफा दीड फूट मागे घेतला. मग सब उचलून दादाच्या बसायच्या जागी ठेवला, बेस गिटार सतत वरखाली फिरत राहील असं गाणं लावलं आणि भिंतीच्या कडेनं रांगत निघालो. कान सबच्या उंचीला हवा, म्हणून रांगायचं. सब आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोली तशीच वागते, त्यामुळे ही युक्ती चालते. टीव्हीच्या कोपऱ्यात एकच सूर ढुम्म करून लांबत होता आणि बाकीचे त्याच्याखाली दबत होते. डाव्या भिंतीला, मागून साधारण एक तृतीयांश अंतरावर आलो आणि प्रत्येक सूर सुटा, सारख्या वजनाचा ऐकू आला. सब तिथेच ठेवला. दादा म्हणाला, 'तिथे वाईट दिसतो.' सब बघायला घेतात की ऐकायला, हे आधी ठरवा.

तुमच्या सेटिंगचं थोडक्यात: रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणारा डबा) स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ, आणि सबच्या अंगावरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर, नाहीतर एकाच आवाजाला दोनदा चाळणी लागते. फेज, म्हणजे सबची लाट बाकी स्पीकरांच्या लाटेशी जुळवणारा नॉब, सगळ्यात शेवटी. समोरचे स्पीकर आणि सब एकत्र चालू ठेवून ८० हर्ट्झचा टोन लावा आणि सोफ्यावरून आवाज जास्तीत जास्त भरेल तिथे नॉब थांबवा. ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर माईकनं खोली मोजून स्वतः सेटिंग करतो ते) जागा पक्की झाल्यावरच चालवा, आधी नाही.

हॉल एका बाजूनं उघडा असेल तर माझं लांबीचं गणित तुम्हाला जसंच्या तसं लागू होणार नाही, रांगणं मात्र लागू होईल. फोनमधल्या डेसिबल ॲपवर खालच्या बेससाठी विसंबू नका. आणि सोफा हलवणं शक्यच नसेल तर एका मोठ्या सबपेक्षा समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन लहान बरे.

दादा अजून म्हणतो, 'तू गुपचूप गेन वाढवलास, म्हणून फरक पडला.' खरं तर नव्या जागी गेन, म्हणजे सबच्या नॉबवरची पातळी, कमी करावा लागला होता. त्यामुळे सब हलवण्याआधी मागच्या नॉबचा फोटो काढून ठेवा, हलवल्यावर पुन्हा काढा, आणि जो कोणी जागेनं काही होत नाही म्हणेल त्याला दोन्ही दाखवा.