वाचकांचे प्रश्न : पवित्र जीवन, सोमवार ते शनिवार

प्रश्न : पौल आपल्या पत्रांत विश्वासणाऱ्यांना ‘पवित्र जन’ म्हणतो. माझ्या तोंडून रोज काहीतरी वावगे जाते, मनात हेवा असतो. अशा माणसाने स्वतःला पवित्र म्हणवणे हे ढोंग नाही का?

‘पवित्र’ म्हटले की आपल्याला आधी ‘निष्कलंक’ हाच अर्थ सुचतो. इब्री भाषेतल्या ‘कादोश’ या शब्दात मात्र ‘वेगळे काढलेले, देवासाठी राखलेले’ हा अर्थ मुळातच आहे. निवासमंडपातली, म्हणजे इस्राएल लोकांच्या तंबूरूपी उपासनास्थानातली, भांडी पवित्र होती, ती काही त्यांनी पुण्य केले म्हणून नव्हे. त्यांना अभिषेकाचे तेल लावले (निर्गम ४०:९), ती देवाच्या कामाला दिली, आणि त्यानंतर ती इतर कशालाही वापरायची नव्हती.

करिंथच्या मंडळीला पौल पहिल्याच अध्यायात पवित्र जन म्हणतो. त्याच पत्रात पुढे त्यांची गटबाजी निघते, एकमेकांवरचे खटले निघतात, प्रभुभोजनाच्या वेळी एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन मस्त, असा प्रकारही निघतो. तरीही तो नाव बदलत नाही. त्या नावाच्या आधारानेच तो त्यांना खडसावतो : तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहात (१ करिंथ. ६:१९-२०). म्हणजे आधी मालकी ठरते, मग आचरण त्या मालकीला साजेसे होत जाते. हेवा कबूल करणे ढोंग नाही. हेवा वाटतो ते बिनदिक्कत चालू द्यायचे आणि वर पवित्र म्हणवायचे, ते ढोंग. ज्याचा हेवा वाटतो त्याचे नाव घेऊन, त्याचे भले व्हावे अशी रोज प्रार्थना करा. पहिले काही दिवस शब्द कोरडे वाटतील. तरी सोडू नका.

प्रश्न : रात्री मोबाइलवर नको ते पाहण्याची सवय आहे. उपवास केला, ‘पुन्हा कधीच नाही’ असे वचन देवाला दिले. दहा-पंधरा दिवस टिकते, मग पुन्हा पडतो. आता प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते.

लाज वाटते म्हणून प्रार्थना टाळली की सवयीला मोकळे रान मिळते, म्हणून आधी तेवढे थांबवा. पडल्यावर रविवारच्या उपासनेची वाट पाहू नका. त्याच रात्री, दिवा लावून, गुडघ्यावर या आणि पापाचे नाव घेऊन कबुली द्या. ‘माझ्याकडून चूक झाली’ असे मोघम नको. आपण पापे कबूल केली तर देव क्षमा करतो, हे १ योहान १:९ मधले वचन विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेले आहे.

आता सवयीकडे पाहू. ‘पुन्हा कधीच नाही’ हे वचन मोडते, कारण त्यात फक्त ‘नाही’ आहे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल कधीही नुसते ‘सोडा’ म्हणून थांबत नाही. जुना मनुष्य काढून टाका, मन नवे होऊ द्या, नवा मनुष्य धारण करा, अशी त्याची तिहेरी चाल आहे. चोराला तो चोरी सोडायला सांगतो, पुढे हातांनी कष्ट करायला सांगतो, आणि तेही गरजवंताला द्यायला काही असावे म्हणून. चोरणारा हात देणारा होईपर्यंत काम पुरे झालेले नसते. येशूने झाडून-लोटून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दाखला दिला, त्यात निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो तो घर रिकामे राहिले म्हणूनच (मत्तय १२:४३-४५).

म्हणून आधी सात दिवस फक्त नोंद करा : किती वाजता, कुठे, आणि त्याच्या अर्ध्या तासापूर्वी मनात काय होते. बहुतेकांच्या नोंदीत वासनेआधी थकवा, एकटेपणा, अपमान किंवा रिकामा वेळ सापडतो. मूळ तिथे आहे, आणि प्रार्थनाही त्या मुळासाठी हवी. ‘प्रभू, मला शुद्ध कर’ यापेक्षा ‘प्रभू, आज सगळ्यांसमोर माझा अपमान झाला, तो मी तुझ्याकडे आणतो’ ही प्रार्थना त्या रात्री जास्त कामाची.

मग वाट बंद करा. रोमकरांस पत्र १३:१४ म्हणते की देहवासना तृप्त करण्याची तरतूद करू नका. मोबाइल निजण्याच्या खोलीत असणे हीच ती तरतूद. चार्जर दुसऱ्या खोलीत कायमचा ठेवा, गजरासाठी साधे घड्याळ घ्या, ज्या ॲपवरून सुरुवात होते ते काढून टाका. यात भित्रेपणा काही नाही. धनी पोटीफर याच्या बायकोने गळ घातली तेव्हा योसेफ तिच्याशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. उशाशी पानांचे बायबल ठेवा आणि निजण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचले की चित्त भरकटते.

शेवटचे पाऊल सर्वांत जड आहे, आणि ते टाळल्यामुळेच बहुतेक जण वर्षानुवर्षे अडकून राहतात. विश्वासात मुरलेली, तोंडाची घट्ट, पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री, अशी एक व्यक्ती निवडा. आठवड्यातून एक ठरलेला वार आणि वेळ ठेवा. त्या व्यक्तीने ‘कसे चालले आहे?’ असे विचारू नये, त्याला ‘ठीक’ एवढेच उत्तर मिळते. ‘या आठवड्यात किती वेळा? त्याआधी काय घडले होते? मला आता काही लपवलेस का?’ हे तीन प्रश्न विचारावेत. याकोब ५:१६ मधली एकमेकांजवळची कबुली ती हीच. एवढे करूनही महिनोन् महिने पकड सुटत नसेल, झोप आणि काम बिघडत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वास उणा ठरत नाही.

प्रश्न : ‘त्यांच्यामधून निघा व वेगळे व्हा’ असे वचन आहे. मग ख्रिस्ती नसलेल्या सहकाऱ्यांबरोबर जेवणे, त्यांच्या आनंदात सामील होणे बंद करावे का?

नाही. १ करिंथ. ५:९-१० मध्ये हाच गैरसमज पौलाने स्वतः दूर केला आहे : जगातल्या पापी लोकांशी संबंधच नको असे म्हटले, तर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागेल. येशूचीही प्रार्थना ‘त्यांना जगातून काढून घे’ अशी नव्हती, ‘वाइटापासून राख’ अशी होती. तुम्ही दिलेले वचन २ करिंथ. ६ मधले आहे. ते विजोड जुवाविषयी, म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्यांशी स्वतःला जखडून घेण्याविषयी, आणि मूर्तिपूजेतल्या सहभागाविषयी बोलते, एका टेबलावर जेवण्याविषयी नाही.

रेष कुठे ओढायची हे बाबेलच्या राजाने बंदिवान करून नेलेल्या दानीएलाकडून शिकावे. त्याने तिथल्या खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकून घेतली, बेल्टशस्सर हे नवे नावही त्याच्यावर चिकटले, राजाची चाकरीही केली. अडून राहिला तो राजाच्या ताटातले अन्न आणि द्राक्षारस यापाशी. आणि तिथेही त्याने आदळआपट केली नाही. आधी अधिकाऱ्याला विनंती केली, मग देखरेख करणाऱ्यापुढे दहा दिवसांची परीक्षा सुचवली, शाकभाजी आणि पाणी. नेमकी एक गोष्ट नाकारली, नम्रपणे नाकारली, आणि समोरच्याला पर्याय दिला. हे तिन्ही एकत्र नसले की आपला वेगळेपणा लोकांना तुसडेपणा वाटतो, आणि पुष्कळदा तो तसा असतोही.

प्रश्न : पूर्वी कामाच्या ठिकाणी खोटी बिले लावून पैसे घेतले. देवाजवळ क्षमा मागितली आहे. एवढे पुरे का?

क्षमेला पुरे आहे. पैसे मात्र अजून तुमच्याकडेच आहेत. गणना ५:७ मध्ये क्रम स्पष्ट आहे : पाप कबूल करावे, मूळ रक्कम पूर्ण परत करावी, आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. दहा हजार घेतले असतील तर बारा हजार. जकातदार जक्कयाने तर कोणी न सांगता चौपट देऊ केले. ख्रिस्ती माणसावर या आकड्यांचे ओझे नियम म्हणून नाही, पण परत करणे म्हणजे काय याचे माप यातून कळते.

कागदावर वर्षवार हिशेब मांडा. नक्की आठवत नसेल तिथे तुमच्या विरुद्ध जाणारा आकडा धरा. जोडीदाराला आधी सांगा, कारण झळ घराला लागणार आहे. कायदेशीर परिणाम होणार असतील तर पाळकांशी आणि वकिलाशी बोलून मग मालकाला भेटा, पण या सल्लामसलतीसाठी तारीख ठरवून घ्या, नाहीतर ती वर्षभर लांबते. भेटीत परिस्थितीचे कारण पुढे करू नका. किती घेतले, कसे घेतले, कधीपर्यंत फेडणार, एवढे सांगा. एकरकमी जमत नसेल तर लेखी हप्ते बांधून घ्या. मालक हयात नसेल तर वारसांना द्या. वारसच नसेल तर पुढच्याच ओवीत, गणना ५:८ मध्ये, ती रक्कम परमेश्वराची ठरते आणि याजकाला द्यायची असते. तेव्हा ती देवाच्या कामाला किंवा गरजवंताला द्या, आणि देताना देणगीदार म्हणून आपले नाव लावू नका.