पेनड्राइव्हवरचा बाण

प्रश्न : वडिलांच्या हातच्या भजनाच्या वहीची पानं स्कॅन करून ठेवली होती. दिंडीतल्या मंडळींना छापून द्यावीत म्हणून पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. घरी येऊन लावला, तर सगळ्या फोल्डरांच्या कोपऱ्यात बाण! मुलानं पुण्याहून येऊन दोनदा कॉम्प्युटरला फॉरमॅट मारलं, खरं चार दिवसांत परत तेच. कॉम्प्युटरवरची पानं फॉरमॅटमध्ये गेली, आता पेनड्राइव्हवर असतील तेवढीच. काय करू?
– एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : गुरुजी, तिसऱ्यांदा फॉरमॅट मारू नका, आणि पेनड्राइव्ह तर मुळीच फॉरमॅट करू नका. पानं बहुतेक त्यातच आहेत.

हा शॉर्टकट व्हायरस. बेळगावात दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत मी तो कितीदा काढला असेल! तो सहसा फायली पुसत नाही, लपवतो. त्यांच्या जागी त्याच नावाचा एक-दोन केबीचा शॉर्टकट, म्हणजे तुम्हाला दिसलेला बाणवाला आयकॉन, ठेवतो. त्यावर डबल-क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालते, मग तुमचं फोल्डर उघडतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. स्क्रिप्ट स्टार्टअपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांत, जाऊन बसते आणि पुढे लागेल तो पेनड्राइव्ह बाटवते. मुलानं कॉम्प्युटर धुतला, व्हायरस राहिला पेनड्राइव्हवर. पानं बघायला तुम्ही पुन्हा त्याच बाणावर क्लिक केलं असणार. विंडोज 7 पासून पेनड्राइव्ह नुसता लावल्यानं त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होत नाही; सुरू होतो तो त्या क्लिकनं.

आता पेनड्राइव्ह काढून ठेवा. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा, तिथल्या स्कॅन ऑप्शन्समधून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर बंद होऊन स्वतःच चालू होईल, पंधराएक मिनिटं लागतील. मधेच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, म्हणून लाइट टिकेल अशी वेळ बघा. विंडोज पूर्ण उठायच्या आत ही तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला वाव राहत नाही. नंतर फुल स्कॅन करा.

मग पेनड्राइव्ह लावा, उघडू नका. त्यावर राइट-क्लिक करून तोही स्कॅन करा. अँटिव्हायरस व्हायरस काढतो, लपवलेलं मात्र दाखवत नाही. त्यासाठी फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवा, आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’वरची खूण काढा. फिकट रंगाचं एखादं फोल्डर दिसेल, कधी त्याला नावच नसतं. कोरी जागा म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याचदा सगळं त्यातच कोंबलेलं असतं. आतली पानं कॉम्प्युटरवरच्या नव्या फोल्डरात कॉपी करा. बाणवाल्या आणि नावाच्या शेवटी .vbs (व्हीबीएस) असलेल्या फायलींना हात लावू नका.

पानं मिळाली की त्याच दिवशी एक प्रत मुलाकडे पाठवा. दुकानात न्यायला वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवा. घरी आल्यावर न उघडता राइट-क्लिकनं फॉरमॅट करायचा. आणि मूळ वही कुठं आहे, ते कळवा.