ग्लो इंजिनाच्या मॉडेल विमानाचे प्लास्टिकचे भाग रंगवायला कोणता रंग घ्यावा? इंधनाने जाणार नाही आणि घरात मारायलाही सुरक्षित असेल असा?

तुम्ही लिहिलंय की विमानाचं काऊल (इंजिनावरचं आवरण) आणि चाकांवरची टोपणं पांढऱ्या प्लास्टिकची आहेत, इंजिन ग्लो आहे (तापलेल्या ग्लो प्लगने मेथेनॉलचं इंधन पेटवणारं), इंधनात १५ टक्के नायट्रो, म्हणजे नायट्रोमिथेन, आहे. डब्यावर ‘फ्युएलप्रूफ’ लिहिलेला स्प्रे एका टोपणावर मारला आणि दुसऱ्याच उड्डाणानंतर तो बोटाला चिकटायला लागला.

थोडक्यात सांगायचं तर प्लास्टिकला चालणारा प्रायमर, त्यावर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग आणि सगळ्यात वर हार्डनर घालून बनवायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. ‘घरात मारायला सुरक्षित आहे का’ याचं उत्तर मात्र या शेवटच्या थरापुरतं ‘नाही’ असं आहे. म्हणून पुढचं लांबण.

‘रंग वाळला’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. ओल्या मातीचा लेप वाळला की कडक होतो, पण त्यावर पाणी पडलं की पुन्हा चिखल. सिमेंटचं तसं नाही. ते एकदा धरलं की पाण्याने भिजेल, विरघळणार नाही. बाजारातले बहुतेक झटपट वाळणारे स्प्रे मातीसारखे असतात. त्यातला थिनर उडून जातो, मागे राळेचा थर उरतो, आणि तसाच एखादा द्रव पुन्हा लागला की तो थर मऊ पडतो. आता ग्लो इंधनात काय असतं ते पाहा: मेथेनॉल, नायट्रोमिथेन, आणि एरंडेल किंवा कृत्रिम तेल. नायट्रोमिथेन हा स्वतःच जबरदस्त द्रावक आहे. नायट्रोसेल्युलोज आणि ॲक्रिलिक राळ तो विरघळवतो. म्हणजे रंगाच्या दृष्टीने तुम्ही प्रत्येक उड्डाणात त्यावर सौम्य थिनरच शिंपडत असता. वर तेल आहेच. मेथेनॉल बघता बघता उडून जातं, पण तेलाच्या थरात न जळलेलं थोडं इंधन अडकून राहतं आणि विमान घरी नेऊन पुसेपर्यंत आपलं काम करत बसतं.

दोन भागांचे रंग सिमेंटसारखे. राळ आणि हार्डनर यांचं एकमेकांशी जाळं विणलं जातं, ते पुन्हा सुटत नाही. म्हणून १५ टक्के नायट्रोपुढे मी दुसऱ्या कशावर विसंबत नाही.

पण खरी गोची इथेच आहे. जो रंग एबीएस किंवा पॉलिस्टायरीन या नेहमीच्या प्लास्टिकांना घट्ट धरतो तो बहुधा प्लास्टिकचा वरचा पापुद्रा किंचित विरघळवून त्यात रुततो. अशा रंगाला इंधनही सहज विरघळवतं. आणि जो इंधनाला दाद देत नाही तो गुळगुळीत प्लास्टिकलाही फारशी दाद देत नाही, नखाने सोलून निघतो. एकाच डब्यात दोन्ही गुण शोधायला गेलं की तुमच्यासारखं होतं. माझंही झालं होतं, पहिल्या तीन काऊलांपर्यंत. म्हणून थर वेगळे ठेवायचे: प्लास्टिकशी मैत्री करणारा खाली, इंधनाशी भांडणारा वर.

‘फ्युएलप्रूफ’ या शब्दावर चिडू नका, पण तो अर्धवट वाचू नका. कुठलं इंधन? पेट्रोल सहन करणारा रंग नायट्रोपुढे टिकेलच असं नाही. नायट्रो नसलेल्या इंधनात तग धरणारा रंग १५ टक्क्यांत ढेपाळतो. जुन्या काळी कापडी-कागदी विमानांवर वापरायचा ब्युटिरेट डोप (एक प्रकारचं लॅकर) कमी नायट्रोच्या इंधनाला बऱ्यापैकी पुरतो, पण त्यातले द्रावक एबीएसला खातात. तेव्हा लाकडासाठी त्याची कितीही शिफारस ऐकलीत तरी काऊलपासून तो लांब ठेवा. साधं तेली एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश पक्कं होतं, तेल आणि पेट्रोलचा थोडाफार मारा झेलतं, नायट्रोने मात्र मऊ पडतं. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे इंजिनावर मारायचा उष्णतारोधक रंग. नाव ऐकून वाटतं हाच तो! पण यातले बरेचसे तापवल्याशिवाय पक्के होत नाहीत, आणि ते तापमान प्लास्टिकला झेपणारं नसतं. एबीएस साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्याआधीच पातळ भाग वेडावाकडा होतो. रंगवलेलं काऊल भट्टीत ठेवायचा मोह कितीही झाला तरी नको.

रंग घेण्याआधी प्लास्टिक कुठलं ते ओळखा. आतल्या बाजूला कधी कधी ABS अशा अक्षरांचा किंवा नुसत्या आकड्याचा ठसा असतो. कधी काहीच नसतं. कापून उरलेला तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर बहुतेक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. त्याला खास पकड देणाऱ्या प्रायमरशिवाय काहीच धरत नाही, आणि धरलं तरी वाकवल्यावर सुटतं. असा भाग मी रंगवतच नाही. बुडाला तर वाकवून पाहा. पॉलिस्टायरीन पांढरं पडून कडकन तुटतं. एबीएस पांढरं पडतं पण वाकत राहतं. नायलॉनच्या छोट्या जोडण्या, हॉर्न (विमानाच्या हलत्या पाट्या ओढणारे छोटे दांडे) वगैरे तसेच सोडा. मऊ व्हिनाइलच्या वस्तूंवर रंग कधीच नीट सुकत नाही, कारण त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू रंगात येत राहतो.

पारदर्शक कॅनॉपीचं, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या झाकणाचं, गणित निराळं. तिची चौकट आतून रंगवा, म्हणजे रंग आणि इंधन यांची गाठच पडत नाही. रेडिओ गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीही आतूनच रंगवतात ते उगाच नाही. मात्र पॉलिकार्बोनेटला त्याच्यासाठीचाच रंग लागतो. तामियाच्या पीएस मालिकेतले स्प्रे पॉलिकार्बोनेटसाठी आहेत आणि टीएस मालिकेतले स्टायरीनसाठी. डबे दिसायला सारखे असतात, उलटसुलट केली तर काम बिघडतं.

आता कृती. भाग साचातून निघताना त्यावर सोडवणूक करणारा चिकट पदार्थ राहिलेला असू शकतो. भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासा, चमक पूर्ण जाईपर्यंत. कोपरे आणि रेघांच्या खाचा हमखास राहतात आणि पोपडे तिथूनच सुटतात. पुन्हा धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ॲसिटोन किंवा थिनर नाही, एकदाही नाही, ‘जरासं फडक्यावर’ म्हणूनही नाही. ॲसिटोनने एबीएस लगेच चिकट होतं. थिनरने वरून काही दिसत नाही, पण स्क्रूभोवती ताण असतो तिथे महिन्याभराने तडे उमटतात.

प्रायमर आणि रंग पातळ हातांनी द्या. पहिला हात तर इतका विरळ की खालचं प्लास्टिक दिसत राहावं. जाड ओला थर दिला की द्रावक प्लास्टिकमध्ये मुरतो आणि पातळ भाग मऊ पडून आकार सोडतो. रंगाला किमान एक-दोन दिवस द्या. नाक जवळ नेऊन वास घ्या. वास येतोय तोवर तो पुरता सुकलेला नाही. खाली तेली एनॅमल असेल आणि ते अर्धवट पक्कं असताना त्यावर दोन भागांचा क्लिअर मारला तर सुरकुत्या पडतात, अगदी भिजलेल्या बोटांसारख्या. म्हणूनच खाली पाण्याचा ॲक्रिलिक म्हणालो.

क्लिअरचं मिश्रण डब्यावर दिलेल्या प्रमाणातच करा. हार्डनर जास्त घातला म्हणजे जास्त कडक, असं होत नाही. क्लिअरने रंगाची प्रत्येक कड झाकली गेली पाहिजे. इंधन थर फोडून आत शिरत नाही, ते कडेने शिरतं. स्क्रूची भोकं, सायलेन्सरसाठी कापलेली खाच, काऊलची मागची कड या जागा ब्रशने वेगळ्या भरा, आणि आतल्या बाजूला कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत क्लिअर न्या. रंग खालून उचलला गेला की वरचा थर कितीही भक्कम असो, कातडीसारखा सुटून येतो. हो, आणि सायलेन्सर काऊलला टेकत असेल तर जगातला कुठलाही रंग ते वितळणं थांबवणार नाही. खाच मोठी करा.

आता सुरक्षिततेचं. दोन भागांच्या पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचे तुषार श्वासातून गेले तर दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो, आणि ती ॲलर्जी बहुधा जात नाही. धोक्याच्या पातळीलाही त्याचा वास येईलच असं नाही, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे मास्क काम करतोय’ हा अंदाज इथे चालत नाही. कापडी किंवा धुळीचा मास्क तर निव्वळ समाधान. हे रंग फवारणारे व्यावसायिक बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात. गाड्या रंगवणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडे तशी सोय असेल तर तुमचे रंगवलेले भाग त्याच्याकडे न्या. दोन टोपणं आणि एक काऊल म्हणजे त्याला दहा मिनिटांचं काम. मी गेली कित्येक वर्षं हेच करतो, आणि त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ आहे.

तशी सोय नसेल तर फवारू नका. दोन भागांचा इपॉक्सी रंग ब्रशने लावा. त्यात आयसोसायनेट नसतं. त्याचा हार्डनर त्वचेला त्रास देतो, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. ब्रशच्या रेघा थोड्या दिसतील, वाळल्यावर बारीक वॉटर पेपर आणि पॉलिशने बऱ्याच जातील. उन्हात इपॉक्सी कालांतराने पिवळट पडतो किंवा त्यावर खडूसारखी भुकटी धरते, तेव्हा पांढऱ्या विमानाला तो फार शोभत नाही. लाल-निळ्याला चालून जातो.

कोणताही रंग निवडा, पण विमानाला लावण्याआधी त्याच प्लास्टिकच्या तुकड्यावर सगळे थर चढवा आणि पूर्ण पक्के होऊ द्या. बहुतेक दोन भागांच्या रंगांना त्यासाठी आठवडाभर लागतो, हाताला दुसऱ्या दिवशी कोरडे लागले तरी. मग स्वतःच्या बाटलीतल्या इंधनाचे चार थेंब टाका आणि त्यावर बाटलीचं झाकण पालथं घाला. झाकण विसरू नका. उघडे थेंब दोन मिनिटांत उडून जातात, रंग पास झाल्यासारखा वाटतो आणि विमानावर नापास होतो. अर्ध्या तासाने झाकण काढून पांढऱ्या कागदाने जोर लावून घासा. कागदावर रंग आला, नख रुतलं किंवा चमक गेली तर तो रंग बाद, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. इंधन हाताळताना हातमोजे घालाच. मेथेनॉल विषारी आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं.

राहिलं तुमचं चिकट झालेलं टोपण. त्यावर क्लिअर मारून प्रश्न मिटणार नाही, खालचा थर मऊच राहील. आधी साबणाने तेल पूर्ण काढा आणि मगच घासायला घ्या. तेलासकट घासलंत तर ते ओरखड्यांत भरतं आणि नवा रंग त्या जागी पांगून खळगे पडतात. चिकट रंग पेपरला लगदा होऊन बसतो, म्हणून दोन-तीन दिवस हवेशीर जागी राहू द्या, कडक झाला की ओलं घासून काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो का तेही एका कोपऱ्यात बघा, बरेच ॲक्रिलिक सुटतात. आणि चाचणीसाठी वेगळा तुकडा शोधत बसू नका. टोपणाची आतली बाजू कुणाला दिसत नाही, झाकण तिथेच पालथं घाला.